कुकरची शिट्टी

मी संगमेश्वरकडची. तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं, हे आजीने अंगी बाणवलेलं. नोकरीसाठी चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरीत आले तेव्हा वाटलं, या काचेच्या इमारतींत कसली आलीत लांबडी? चुकलंच ते. इथे राहून शिकले ते असं:

१. उंदीर कुठे आहेत ते आधी बघावं. इथलं आयटी पार्क तळी आणि काटेरी झुडपांच्या शेजारी उभं आहे. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस धरला की बिळांत पाणी शिरतं आणि सगळे कोरडी जागा शोधत निघतात. आमच्या कँटीनमागे उरलेल्या सांबारभाताची पिंपं असत. तिथे उंदीर, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे.

२. 'मला कळतं' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. डिसेंबरातली संध्याकाळ, पार्किंगची पायवाट. सातारचा सहकारी म्हणाला, "अजगराचं पिल्लू आहे, थांब, फोटो काढतो." तो दोन पावलं पुढे गेला आणि कुकरची शिट्टी सुरू झाली. लांबलचक, थांबेचना. जाडजूड अंग फुगत होतं, बसत होतं. पाठीवर काळ्या कडांच्या तपकिरी ठिपक्यांची साखळी, अगदी रेखीव. अजगराचे ठिपके असे ओळीने नसतात, वेडेवाकडे पसरलेले असतात. पलीकडून वॉचमन अण्णा ओरडले, "कन्नाडि विरियन! तळ्ळि पोंग!" बाजूला व्हा, एवढं तमिळ तेव्हा कळत होतं. कन्नाडि विरियन म्हणजे आपली घोणस. फोटो राहिला तो राहिलाच.

३. पट्टे बघावेत, पण लांबून. न्हाणीघरात निघालेल्या कवड्याला मी मण्यार समजून शेजारपाजार गोळा केला होता. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारीचं उलट: डोक्याकडे पुसट, मागे स्पष्ट, बहुतेकदा जोडीजोडीने. खात्री नसेल तर मण्यारच समजावं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दुखतही नाही फारसं. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, मग श्वास.

४. चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवू नका; नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच आहे.

५. ते प्रतिविष येतं कुठून, हे मला इथे आल्यावर कळलं. समुद्राकडच्या रस्त्यावर वडनेम्मेलीला, मगरींच्या केंद्राच्या आवारात, इरुळा आदिवासी सापवाल्यांची सहकारी संस्था आहे. १९७८ ची. यांचे वाडवडील कातडीसाठी साप धरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बसला, आणि सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीने तेच हात विषाकडे वळले. साप धरायचा, मडक्यात ठेवायचा, काही आठवडे विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करून परत सोडायचा. हे विष घोड्यांना थोडंथोडं टोचून औषध बनतं. देशात त्यासाठी लागणारं बहुतेक विष इथलंच. इथल्या विषाचं औषध दूरच्या प्रांतातल्या सापाला कधी कमी पडतं, असं संशोधक सांगतात; कोकणातल्या फुरशाच्या भीतीत वाढलेल्या मला ही गोष्ट टोचते. यांच्यातले मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल २०१७ मध्ये फ्लोरिडात अजगर धरायला गेले होते. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

६. टॉर्च. फोनचा नव्हे, खरा. आणि पावसाळ्यात बूट झटकून घालावेत.

तमिळमध्ये नागाला 'नल्ल पांबु' म्हणतात, चांगला साप. आजीच्या लांबड्याचा सख्खा भाऊच. घरचे पाहुणे आले की महाबलीपुरमच्या आधी मी त्यांना वडनेम्मेलीला उतरवते. लोकांसमोर विष काढून दाखवतात तिथे. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर अर्धा तास काढाच.