लहान-मोठे कोण ठरविते? — संगणकभाषेतील तुलनाचिन्हांची ओळख

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

< आणि > ही चिन्हे आपण प्राथमिक शाळेपासून गिरवीत आलो आहोत. पाच हे सातापेक्षा लहान, हे गुरुजींनी सांगितले आणि आपण मानले. त्यात कोणाला काही विचारावयाचे असते, असे मनातही आले नाही. संगणकाच्या काही भाषांत मात्र हे चिन्ह म्हणजे एक प्रश्न असतो. तो कोणाला विचारला जातो आणि उत्तर कोण ठरवितो, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, तेव्हा उदाहरणे खतावणी आणि नावांच्या यादीची असतील. वाचकांनी ती गोड मानून घ्यावीत.

चिन्ह की प्रश्न?

मी उदाहरणासाठी रुबी ही भाषा घेतली आहे. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली लोकांपुढे आणली. या भाषेत अंक, शब्द, याद्या अशी प्रत्येक गोष्ट ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे वस्तू असते. प्रत्येक वस्तूला ठराविक कामे येतात; त्या कामांना ‘मेथड’ म्हणतात. आपण ५ < ७ असे लिहिले की रुबी ते ५.<(७) असे वाचते. (प्रत्यक्ष यंत्रावर अंक इंग्रजी पद्धतीचे लागतात, येथे सोयीसाठी मराठी वापरले आहेत.) याचा अर्थ असा की, ५ या वस्तूला बोलावून तिला विचारले जाते, “तू ७ पेक्षा लहान आहेस काय?” येथे < हे त्या मेथडचे नाव आहे. डावीकडच्या वस्तूने उत्तर द्यावयाचे, उजवीकडच्या वस्तूविषयी फक्त चौकशी व्हावयाची. वस्तूंनी एकमेकींना निरोप पाठवावेत ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत घडलेल्या स्मॉलटॉक या भाषेतून रुबीत आली.

आता गंमत पाहा. १० < ९ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ येते. पण तेच आकडे अवतरणचिन्हांत घालून “१०” < “९” असे विचारले, तर उत्तर ‘होय’! कारण आता डावीकडे अंक नसून शब्द आहे. शब्दाची < मेथड पहिले अक्षर पहिल्या अक्षराशी ताडून पाहते, आणि १ हे ९ च्या आधी येते. खतावणीतील रकमा शब्द म्हणून नोंदल्या गेल्या, तर दहा रुपये नऊ रुपयांच्या वर जाऊन बसतात ते यामुळेच. चिन्ह तेच राहिले; उत्तर देणारा बदलला.

एका मेथडवर सहा कामे

आपण स्वतः नवीन प्रकारची वस्तू तयार केली, तर तिला लहान-मोठेपणा कसा शिकवावयाचा? रुबीत त्यासाठी <=> अशी एक मेथड आहे. अंतराळयानासारखी दिसते म्हणून तिला ‘स्पेसशिप’ म्हणतात. डावी वस्तू लहान असल्यास ती -१ देते, बरोबरी असल्यास ०, मोठी असल्यास १, आणि तुलनाच होऊ शकत नसेल तर ‘निल’ म्हणजे काहीच नाही. ही एक मेथड लिहून ‘कम्पेरेबल’ नावाचा तयार संच जोडला की <, <=, ==, >=, > ही पाचही चिन्हे आपोआप मिळतात. ‘अमुक या दोहोंच्या मध्ये आहे काय?’ हा सहावा प्रश्नही विचारता येतो. यादी क्रमाने लावणारी आज्ञासुद्धा मुकाट्याने <=> लाच विचारीत असते.

अंक आणि शब्द यांची < ने तुलना केली, तर रुबी चूक दाखवून थांबते. == ने विचारले, तर मात्र ‘बरोबर नाहीत’ असे शांतपणे सांगते. वेगळेपणा केव्हाही सांगता येतो. लहान-मोठेपणा सांगावयाला समान माप लागते.

आपल्या गावचे उदाहरण

समजा, स्नेहसंमेलनातील स्पर्धकांची यादी करावयाची आहे. काही नावे देवनागरीत आहेत, काही कानडी लिपीत. आपण काहीच न सांगता शब्दांची उपजत तुलना वापरली, तर अगोदर सगळी देवनागरी नावे येतील, मग सगळी कानडी. यात संगणकाचा पक्षपात नाही. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे आणि कानडी ‘क’ चा ३२२१, एवढेच त्याचे कारण.

बरे, एकट्या मराठीचा तरी क्रम नीट लागतो काय? ‘काळे’ आणि ‘कासार’ ही आडनावे घ्या. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. म्हणून कासार आधी, काळे नंतर. तक्त्यात मात्र ळ चा क्रमांक २३५५ आणि स चा २३६०. म्हणून यंत्र काळे यांना पुढे काढते. कानडी शाळेतही ळ हा ह नंतरच शिकवितात आणि कानडी तक्त्यातही तो ल च्या शेजारीच आहे. म्हणजे दोन्ही भाषांची तक्रार एकच!

यावर उपाय म्हणून ‘नाव’ अशी नवी वस्तू करून तिला स्वतःची <=> मेथड द्यावी. पण ती कशी लिहावयाची? ‘ज्याला प्रश्न विचारला, त्याची लिपी अगोदर’ असा नियम केला, तर तो दिसतो उदार. पण डावीकडे मराठी नाव आले की ते म्हणेल, “मी आधी”, आणि कानडी नाव डावीकडे आले की तेही म्हणेल, “मी आधी”. क हा ख पेक्षा लहान आणि ख हा क पेक्षा लहान, अशी दोन्ही उत्तरे खरी ठरतील. अशा मेथडवर लावलेल्या यादीचा काही भरवसा नाही. तुलनेला तीन पथ्ये पाळावीच लागतात: स्वतःशी तुलना केल्यास ० यावे, प्रश्न उलटा केल्यास उत्तरही उलटावे, आणि पहिला दुसऱ्याआधी, दुसरा तिसऱ्याआधी असेल, तर पहिला तिसऱ्याआधी असलाच पाहिजे.

मार्ग आहे, आणि तो त्या तक्त्यातच आहे. दोन्ही लिपींतील अक्षरे तक्त्यात एकाच क्रमाने मांडलेली आहेत. अंतर फक्त ८९६ चे. कानडी अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले, की कानडी ‘क’ मराठी ‘क’ च्या जागी येतो. मग ळ ला ह नंतर बसवावे, क्ष आणि ज्ञ यांची जागा आधी ठरवून घ्यावी, आणि दोन्ही प्रकारच्या नावांना हाच एक नियम द्यावा. आता डावीकडे कोणीही असो, उत्तर एकच येईल, आणि कमला व कमलाकर वेगवेगळ्या लिपींत असूनही शेजारी बसतील.

बरोबरीचा अर्थ

एक सावधगिरी राहिली. एक कमला देवनागरीत आणि दुसरी कानडीत असेल, तर <=> चे उत्तर ० येईल, आणि कम्पेरेबलच्या हिशेबी त्या दोघी == ठरतील. यादीतील जागा एक असली, तरी माणसे दोन आहेत. पाचशेच्या दोन नोटा किमतीने समान, पण क्रमांक निरनिराळे, तसेच हे. म्हणून नावे जुळल्यास हजेरी क्रमांकाने निवाडा करावा, असे मेथडमध्येच लिहून ठेवावे. ‘अगदी तीच वस्तू आहे काय?’ हे विचारण्यासाठी रुबीत ‘इक्वल’ ही वेगळी मेथड आहे.

सारांश, संगणक लहान-मोठेपणा स्वतः ठरवीत नाही. तो आपल्यापैकी कोणीतरी लिहिलेले उत्तर वाचून दाखवितो. आपण मेथड लिहिली नाही, तरी दुसऱ्या कोणी तरी लिहिलेली वापरली जातेच. तेव्हा यंत्रातून बाहेर पडलेली यादी हाती आली, की पहिले नाव कोणाचे हे पाहण्याअगोदर ती कोणत्या नियमाने लागली, हे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. तो नियम दोन्ही बाजूंनी विचारला असता तेच उत्तर देतो काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.