शंभर टक्के हजेरी आणि अंगातला ताप

गेल्या वर्षी ऐन रोवणीच्या दिवसांत एक आजोबा नातीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी सहावीतली, पाठीला दप्तर आणि अंगात 102 ताप. "साहेब, एक सुई देऊन द्या, म्हणजे प्रार्थनेच्या आत शाळेत पोचते," आजोबा म्हणाले. पोरीने दोन वर्षांत एकही खाडा केला नव्हता. शंभर टक्के हजेरीचे प्रमाणपत्र 26 जानेवारीला सर्वांसमोर मिळते, ते तिला तिसऱ्यांदा हवे होते. मी चार दिवस घरी राहायला सांगताच तिचे डोळे भरून आले. मग आजोबांनी वकिली सुरू केली. "सुनील गावस्कर पाहा ना साहेब. शंभराच्या वर टेस्ट लागोपाठ खेळला. त्याला का कधी ताप आला नसेल?"

वाचकहो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावस्कर जानेवारी 1975 ते फेब्रुवारी 1987 या बारा वर्षांत लागोपाठ 106 कसोटी सामने खेळला. त्या काळचा हा विक्रम होता. पुढे ऑस्ट्रेलियाच्या अॅलन बॉर्डरने 153 आणि इंग्लंडच्या अॅलिस्टर कुकने 2018 साली 159 सामन्यांपर्यंत तो नेला. पण जरा हिशेब करू या. 106 सामने पाचपाच दिवस चालले असे धरले तरी बारा वर्षांत 530 दिवस होतात. शिवाय तेव्हा बहुतेक कसोटीत मधे एक दिवस विश्रांतीचा असे. आपल्या शाळेत पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान 200 आणि सहावी ते आठवीला किमान 220 दिवस भरावे लागतात. म्हणजे 530 दिवसांचा पल्ला ही चिमुरडी अडीच वर्षांत गाठते. गावस्कर इतर सामनेही खेळत होता हे खरे, पण न चुकता हजर राहण्याची अट त्याच्यापेक्षा या पोरीवर अधिक कडक आहे. त्याच्या दिमतीला संघाची माणसे होती. हिच्यामागे रोवणीच्या चिखलातून परतलेली आई आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. 1974 च्या डिसेंबरात वेस्ट इंडिजचा संघ आला असताना गावस्करच्या बोटाला दुखापत झाली आणि दिल्ली, कलकत्ता, मद्रास असे तीन सामने तो बाहेर बसला. बोट बरे झाल्यावर मुंबईच्या कसोटीत परतला, आणि त्या सामन्यापासून 106 ची मोजणी सुरू होते. कुकचेही तसेच. मार्च 2006 मध्ये मुंबईच्याच कसोटीला पोट बिघडल्यामुळे तो खेळला नाही. त्यानंतरच्या सामन्यापासून निवृत्तीपर्यंत 159. दोघांचीही अखंड साखळी आजारपणाच्या रजेनंतर सुरू झाली आहे. (गावस्करची साखळी तुटली ती मात्र प्रकृतीमुळे नव्हे. ईडन गार्डन्सच्या प्रेक्षकांशी त्याचे बिनसले होते आणि तिथे तो खेळायला गेला नाही. तेव्हा आम्ही रेडिओला कान लावून बसणारी मुले त्याच्यावर फार रागावलो होतो.)

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातला लू गेरिग हा खेळाडू 1925 ते 1939 या काळात एकही सामना न चुकवता 2130 सामने खेळला. 1938 पासून त्याचा जोर कमी होऊ लागला. 2 मे 1939 रोजी तो स्वतःहून बाहेर बसला आणि जूनमध्ये निदान झाले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी झडत जाण्याचा तो असाध्य विकार होता. अमेरिकेत तो आजार आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. 1941 साली तो वारला. लवकर बाहेर बसला असता तर वाचला असता असे नाही. त्या दुखण्याला तेव्हाही उपाय नव्हता आणि ते पूर्ण बरे करणारे औषध आजही नाही. पण रोज हजर असणाऱ्या माणसाचे दुखणे लोकांच्या नजरेला उशिरा येते, हे मात्र मला त्यात दिसते.

आपल्या भागात हा उशीर महागात पडतो. कुरखेडा, कोरची, धानोरा या जंगलपट्ट्यात पावसाळ्यातला ताप हिवताप नाही असे रक्त तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. हिवतापाच्या दोन जाती इथे आढळतात. त्यातली फाल्सिपेरम ही जात एकदोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू मरत नाहीत. सकाळी गोळी घेतलेले मूल प्रार्थनेला ताठ उभे राहते आणि गुरुजींना वाटते, ठीक आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नवा असताना, चाचणी परीक्षा चालू असलेल्या एका मुलाला मी तापाच्या गोळ्या दिल्या. रक्ताची काच घेतली नाही. काचेचा निकाल यायला तेव्हा कित्येक दिवस लागत, आणि बाहेर रोग्यांची रांग होती. मुलाने तीन दिवस गोळी घेऊन पेपर दिले. चौथ्या दिवशी झटके आले, शुद्ध गेली. क्विनाइनचे सलाईन लावून जीपने गडचिरोलीला नेले. मुलगा वाचला. महिनाभर शाळा बुडाली. वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही, उलट पुढच्या दिवाळीला घरचे तांदूळ आणून दिले. ते तांदूळ मला गोड लागले नाहीत.

आता आशाताईंजवळ किट असते. बोटाच्या एका थेंबावर पंधरावीस मिनिटांत निकाल कळतो. तेव्हा ताप आला की आधी रक्त, मग शाळेचा विचार. तापात पी.टी. आणि धावणे तर नकोच. काही विषाणूंच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि श्रमाने ती जिवावर बेतू शकते. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच ठेवावे, नाहीतर अख्खा वर्ग आजारी पडतो. गुरुजनांना एक विनंती आहे. डॉक्टरची चिठ्ठी असलेला दिवस बक्षिसाच्या हिशेबात खाडा धरू नये.

खाडा चालत नाही तो औषधात. क्षयरोगाची औषधे साधारणपणे सहा महिने रोज घ्यावी लागतात. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोगी गोळ्या सोडून मोहाला जातो. उरलेले जंतू मग त्याच औषधाला दाद देत नाहीत.

त्या मुलीच्या रक्तात दुसऱ्या जातीचा, व्हायवॅक्स हिवताप निघाला. त्यावर तीन दिवस क्लोरोक्विन आणि यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी 14 दिवस प्रायमाक्विन. ही गोळी जेवणानंतरच घ्यायची, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, कारण काहींच्या रक्ताला ती सोसत नाही. मी कागदावर 14 चौकोन आखून दिले आणि म्हटले, "बाई, ही तुझी हजेरी." ती हसली नाही.

पंधराव्या दिवशी कागद घेऊन आली. चौदाही चौकोन भरलेले होते. नवव्याची खूण तेवढी कोळशाची. विचारले तेव्हा म्हणाली, "पेन्सिल त्या दिवशी शाळेतच राहिली होती."