पिआनोची गत सभेसाठीं कशी तयार करावी?

पिआनो शिकणाऱ्या पुष्कळ मुलांची अशी समजूत असते कीं, गत शंभर वेळां वाजविली म्हणजे ती सभेंत वाजविण्यास तयार झाली. पूर्वीं आमचीही हीच समजूत होती. तिचें फळ आम्हांस एका स्नेहसंमेलनांत चाखावयास मिळालें. आमची एक विद्यार्थिनी, वर्गांत बिनचूक येणारी गत व्यासपीठावर वाजवितांना मध्येंच अडली. तिनें पुनः आरंभापासून सुरुवात केली. त्याच जागीं पुनः अडली. आणि डोळे पुशीत खालीं उतरली. मुलगी भ्याली, असें लोक म्हणाले. परंतु विचार करितां आम्हांस दिसून आलें कीं, दोष भीतीचा थोडा आणि आमच्या शिकवणुकीचा फार होता. रोज पहिल्या स्वरापासूनच आरंभ करण्याची संवय आम्हींच तिला लाविली होती. मधून उचलून वाजविणें तिला ठाऊकच नव्हतें.

घोकलेली गत बोटांत साखळीसारखी बसते. एक कडी निसटली कीं पुढची हातीं लागत नाहीं. म्हणून तेव्हांपासून आम्हीं पुढील रीत स्वीकारली.

प्रथम गतीचे लहान लहान भाग पाडून त्यांस पेन्सिलीनें अंक घालावे. शिक्षकानें 'चार' म्हणतांच चवथ्या भागापासून वाजवितां आलें पाहिजे. शेवटचा भाग आधीं पक्का करावा. म्हणजे वाजविणारा जसजसा पुढें जातो, तसतसा अधिक ओळखीच्या वाटेनें चालतो.

दुसरें, डावा हात एकटा, न पाहतां वाजवावा. आपल्याकडे पेटी वाजवितांना डावा हात बहुधा भात्यावर असतो. त्यामुळें पेटीवरून पिआनोकडे येणाऱ्यांचा तो हात मागें राहतो. योहान सेबास्टियन बाख यानें १७२३ सालीं शिकाऊ वादकांसाठीं दोन सुरावटींच्या १५ गती सिद्ध केल्या. त्या वेळीं पिआनो फारसा प्रचारांत नव्हता. पण त्या गती आजही पिआनोवर शिकवितात. त्यांत डावा हात उजव्याचा चाकर नसून सोबती आहे.

तिसरें, लय संथ ठेवावी. घाईनें केलेली चूक बोटें तितक्याच निष्ठेनें लक्षांत ठेवितात.

सभेच्या दिवशीं स्टूल आपल्या उंचीस जुळवून स्थिर बसावें, पहिली ओळ योग्य लयींत मनांत ऐकावी, आणि मग पट्ट्यांवर हात ठेवावे. चूक झाल्यास मागें वळूं नये. पुढचा अंक गांठावा.

त्याच मुलीनें पुढील वर्षीं पुनः गत वाजविली. तिसऱ्या भागांत तिचा हात चुकला; परंतु एका क्षणांत तिनें चवथा भाग धरला आणि गत शेवटास नेली. चूक झाली हें आम्हांस व तिला कळलें. बाकीच्या सभागृहास बहुधा कळलें नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे: घरीं पिआनो असल्यास सभेपूर्वीं दोनचार शेजाऱ्यांस बोलावून मुलास त्यांच्यासमोर एकदां वाजवूं द्यावें. मध्यें चुकल्यास "पहिल्यापासून वाजव" असें म्हणूं नये. "पुढें चल" असें म्हणावें.