अद्भुत कादंबऱ्या : थोडे समाधान, थोडी तक्रार

मराठी कादंबरीच्या बालपणी अद्भुताचे राज्य होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली व नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली आणि त्या काळचे वाचक असल्या कथांवर लुब्ध झाले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला मध्यमवर्गीय माजघरात आणून बसवले. तेव्हापासून अद्भुत म्हणजे पोरासोरांचे वाचन, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. माझाही तो होताच. या वर्षी मात्र मुद्दाम वाट वाकडी करून मी डॉ. जयंत नारळीकर आणि नारायण धारप यांची काही पुस्तके वाचली. त्यांबद्दल जे वाटले ते येथे मांडते.

नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. या थोर खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने. मोठ्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला पारितोषिक मिळाले. या प्रसंगाने माझ्या मनात लेखकाविषयी आदर निर्माण झाला, आणि त्याच आदराने मी 'वामन परत न आला' उघडली.

जमिनीखाली खोदकाम चालू असताना एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातील ज्ञानाच्या आधारे 'वामन' नावाचा यंत्रमानव तयार होतो. हा वामन आज्ञाधारक आहे, कमालीचा हुशार आहे. पण त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवे आहेत! पुराणातल्या बटूने तीन पावले जमीन मागितली तेव्हा बळीला ती मागणी किती किरकोळ वाटली असेल! येथेही तसेच होते. १९८०च्या दशकातली ही कादंबरी आज, आपल्या खिशातला फोन निबंध लिहून देऊ लागला असताना वाचली की अंगावर काटा येतो. कल्पनेची एवढी झेप मला फार थोड्या मराठी कादंबऱ्यांत आढळली.

तक्रार आहे ती माणसांबद्दल. यातले शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलतात ते बहुधा वाचकाला विज्ञान समजावे म्हणून. त्यांना भूक लागत नाही, घरी भांडण होत नाही, कोणाचे कर्ज फेडायचे नसते. शेवटी माझ्या लक्षात राहिला तो वामन. माणसांची नावे पुन्हा पुस्तक उघडून पाहावी लागली. 'प्रेषित'मध्ये परग्रहावरचा मुलगा पृथ्वीवरच्या घरात वाढतो. त्याला वाढवणाऱ्या आईच्या मनात काय चालले असेल, हे जाणून घ्यायला मी आतुर होते. पण माझे तेवढ्याने समाधान झाले नाही.

याउलट 'गंगाधरपंतांचे पानिपत'. ही कादंबरी नव्हे, कथा आहे; तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, मराठे जिंकले, अशा दुसऱ्याच इतिहासात एक प्राध्यापक जाऊन पोचतात. गंगाधरपंत मात्र अगदी ओळखीचे वाटतात! सभा दिसली की अध्यक्षाच्या खुर्चीकडे त्यांचे पाय वळतात. (असे गृहस्थ प्रत्येक गावात असतात.) अशक्य गोष्ट खरी वाटायला एक खरा माणूस पुरतो, हे मला या कथेत दिसले.

नारायण धारपांची तऱ्हा वेगळी. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली आहे, पण वाचताना उसनेपणा जाणवत नाही. भिंती, दारे, संध्याकाळचा प्रकाश, सारे आपले वाटते. रात्री वाचायला घेतली तर दिवा मालवण्याचे धैर्य होत नाही. परंतु सकाळी त्या भीतीचे काय उरते? माझ्यापुरते सांगायचे तर फारसे काही नाही. 'समर्थ' कथांत तर समर्थ येणार आणि संकट निवारणार, याची खात्रीच असते. शिवाय आमच्या भागात रात्री उसाला पाणी द्यायला जाणारा माणूस भुताला भीत नाही, बिबट्याला भितो. त्या भीतीत कोणी समर्थ धावून येत नाही.

आणि येथेच माझी मोठी तक्रार सुरू होते. आमच्या निरगुडसरपासून फार लांब नसलेल्या खोडदला, कांद्या-उसाच्या शेतांलगत, आकाशातील रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण उभी आहे. तिच्या एकूण तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. काही खोडदला एकत्र, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. दुसरीकडे, ज्या आंबेगावावरून आमच्या तालुक्याला नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव तेवढे कागदावर राहिले. बुडालेले गाव, ताऱ्यांचा कानोसा घेणाऱ्या तबकड्या आणि उसात पिले घालणारी बिबट्याची मादी! एवढा ऐवज समोर असताना वाचलेल्या कादंबऱ्यांत मला प्रयोगशाळा भेटली, वाडा भेटला, पण तबकडीखालच्या शेतात खुरपणी करणारी बाई भेटली नाही. तिने वर पाहून काय विचार केला असता?

एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की अद्भुत वाचायचे ते घरचे विसरण्यासाठी. त्यात पुन्हा कांदा आणि ऊस कशाला? तिचे म्हणणे मला पटत नाही, पण तिला उत्तर देता येईल अशी कादंबरी अजून माझ्या हाती लागलेली नाही. सध्या ग्रंथालयातून नारळीकरांची 'अभयारण्य' आणली आहे.