गावी निघताना दुकानाच्या फळीवरून काय घ्याल?

गणपती जवळ आले की वाकोल्यातून रात्री-अपरात्री गाड्या निघतात. लिंक रोडने चेंबूर, पुढे पनवेल, आणि पेण-वडखळ येईपर्यंत पोरं 'काहीतरी खायला हवं' म्हणून भुणभुण लावतात. गाडी एखाद्या छोट्या दुकानापाशी थांबते. प्रवासाआधी पेशंट माझ्याकडून गोळ्या लिहून नेतात. पण वाटेतलं निम्मं दुखणं आपण या दुकानातून पैसे मोजून घेतो.

पोर उलट्या-जुलाबांनी मलूल झालं, की आई-बाप खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय हातात देतात. ते ओआरएस नव्हे! जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. गोड पेयात साखर याच्या कितीतरी पट; ती आतड्यात पाणी ओढते नि जुलाब वाढतात. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही. निघतानाच औषधाच्या दुकानातून पुड्या घ्या. लिटरची पुडी असेल तर ती लिटरभर पाण्यातच पूर्ण घाला. ग्लासात चिमूटभर टाकून भागत नाही. पुडी नसेल तर वाण्याकडे साखर-मीठ असतंच: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. बाटलीचं सील मात्र तुमच्या हातानं तुटलं पाहिजे.

मधुमेहींनो, इन्सुलिन घेतलंत आणि माणगावच्या कोंडीत जेवण लांबलं, तर घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. तेव्हा पथ्य गुंडाळून ठेवा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. सावरलात की बिस्किटं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. बिनसाखरेचं थंड पेय तर इथं पाण्यासारखंच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

बायकांबद्दल मला जरा रागानंच लिहावंसं वाटतं. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीनं त्या पनवेलपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि गौरीच्या दिवसांत लघवीच्या जळजळीनं हैराण होतात. चहा कुठे चांगला मिळतो ते नंतर बघा. आधी पेट्रोल पंप बघून थांबा. थांबलात की सगळ्यांनीच खाली उतरून चार पावलं चाला, विशेषतः पाय सुजणाऱ्यांनी.

गाडी चालवणाऱ्याला उलटीची गोळी देऊ नका, बहुतेक गोळ्यांनी झोप येते. त्याला जांभया येत असतील तर चहा पाजा आणि वीस मिनिटं सीटवर झोपू द्या. तोवर पोरांना शेंगदाण्याची चिक्की द्या.