चालतें घर आणि उत्तरेची वाट

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे मराठवाड्याकडून येणाऱ्या बैलगाड्या आमच्या वरवंडच्या बाजूनें कारखान्यांकडे जातांना आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. गाडींत चार भांडीं, पिठाचा डबा, पाण्याची घागर, पांघरुणें आणि वर बसलेलीं लेंकरें. एवढ्यांत कित्येक महिन्यांचा संसार मावतो. कोणती वस्तु वाटेंत मिळेल व कोणती मिळणार नाहीं, हें त्या घरच्या बाईस तोंडपाठ असतें. दूरच्या प्रवासाची सारी विद्या या एका प्रश्नांत सांठवलेली आहे, व तीच आम्हीं येथें विद्यार्थिमित्रांपुढें मांडणार आहों.

निमित्त असें घडलें कीं, आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मोटारघरांतून लडाखांतील लेह येथें जाण्याचा बेत लिहून आणला. मोटारघर म्हणजे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोठी मोटार. अशा वाहनांच्या पर्यटनासाठीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं धोरणही जाहीर केलें आहे. बेतांत आजी, आईबाप व धाकटी बहीण अशीं सर्व मंडळी होती. मार्ग मनालीचा होता. जाऊन येण्यास दिवस चौदा धरले होते. खर्चाचा हिशेब चोख होता. परंतु मनालीहून निघून पहिलाच मुक्काम सरचू येथें केलेला पाहून आम्हांस काळजी वाटली.

उत्तरेच्या वाटेनें आपणांस पूर्वींही एक कठोर धडा दिला आहे. १७६० च्या मार्चमध्यें सदाशिवरावभाऊ परतुडाहून उत्तरेस निघाले, तेव्हां फौजेबरोबर बायकामुलें व यात्रेकरू मोठ्या संख्येनें होते. ऑक्टोबरांत अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडविली. डिसेंबरांत रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्यानंतर पानिपतच्या थंडींत अन्नावांचून सैन्याचे जे हाल झाले, त्यांचा शेवट १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. शौर्याची वाण नव्हती. दाणागोटा येण्याची वाट तेवढी तुटली होती. आपण लढाईस जात नाहीं हें खरें. पण निर्मनुष्य मुलुखांत वाट तुटली म्हणजे प्रवाशाचीही अवस्था तशीच होते.

आतां सरचूचा प्रश्न पाहूं. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें २,०५० मीटर उंच आहे, तर सरचू सुमारें ४,३०० मीटर. २०२० सालीं खुल्या झालेल्या नऊ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यानें ही चढण फार लवकर संपते. पण शरीरास बोगदा नसतो. सरचू येथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें साठ टक्के असतो. रक्तास या विरळ हवेची संवय होण्यास दिवस लागतात. म्हणून नियम असा कीं, ३,००० मीटरच्या वर निजण्याची जागा एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक उंच नेऊं नये, व दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा. डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न येणें या खुणा दिसल्यास वर चढूं नये. चालतांना तोल जाऊं लागला, भान हरपूं लागलें, किंवा बसल्या जागीं धाप लागली, तर उजाडण्याची वाट न पाहतां रुग्णास खालीं आणावें.

यास्तव आम्हीं मार्ग उलटा केला. शिरूर, अहिल्यानगर, धुळें, इंदूर, आग्रा व दिल्ली या वाटेनें जम्मूस सहा दिवस; सातव्या दिवशीं श्रीनगर, आठव्या दिवशीं विसांवा; पुढें सोनमर्ग, कारगिल व लामायुरू असे मुक्काम करून बाराव्या दिवशीं लेह. श्रीनगर सुमारें १,६०० मीटर, सोनमर्ग २,७००, कारगिलही जवळजवळ तितकेंच. शेवटची चढण मोठी असली तरी तोंपर्यंत शरीर बरेंच तयार होतें. लेहला दोन दिवस पूर्ण विश्रांति. परतीस मनालीचा मार्ग उघडला असेल तर तो, नसेल तर आली तीच वाट. तीन दिवस राखीव धरून एकंदर सव्वीस दिवस झाले.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. मनाली मार्गावर टांडी येथें पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचें सांगणारा फलक प्रवाशांत प्रसिद्ध आहे. मध्यें कोठें सोय झालेली असली तरी हिशेब पूर्ण अंतराचाच धरावा. मोटारघर लिटरला आठ किलोमीटर चालत असेल, तर ४६ लिटर लागेल. घाटासाठीं व खोळंब्यासाठीं चौथाई अधिक धरून साठ लिटर जवळ असावें.

स्वयंपाकघरांतही पदार्थविज्ञान आपणांस भेटतें. हवेचा दाब घटला कीं पाणी लवकर उकळतें. लेह येथें तें सुमारें ८८ अंशांसच उकळतें. पाणी खळखळतें, पण डाळ शिजत नाहीं. म्हणून प्रेशर कुकर ही चैनीची वस्तु न समजतां गरजेची समजावी.

एक सूचना मात्र जीवाची आहे. थंडी वाजते म्हणून दारें-खिडक्या लावून आंत कोळशाची शेगडी पेटवूं नये, अगर इंजिन चालूं ठेवून निजूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. पांघरुणें अधिक घ्यावीं, वारा येण्यास फट ठेवावी.

हा नवा तक्ता घेऊन विद्यार्थी घरीं गेला व दुसऱ्या दिवशीं किंचित् हिरमुसून परत आला. वडिलांस इतकी रजा मिळणें कठीण होतें. चौदा दिवसच असतील, तर लेह सोडून कुमाऊं-गढवालच्या कमी उंचीच्या डोंगरांत जावें, असें आम्हीं सुचविलें. त्याच्या आजीबाईंनीं मात्र तक्ता वाचवून घेऊन एकच निरोप धाडला होता: "गुरुजी, माघारी कुठनं फिरायचं, तेवढं लिहा."

आम्हीं सर्व कांहीं लिहिलें होतें, परंतु तेंच लिहावयाचें राहिलें होतें. मग आम्हीं तक्त्याच्या प्रत्येक मुक्कामापुढें एक रकाना आंखला: काय झाल्यास येथून परतावयाचें. विद्यार्थिमित्रहो, कोणत्याही दूरच्या वाटेस लागण्यापूर्वीं हा रकाना घरीं बसून, शांत चित्तानें व सर्वांच्या विचारें भरावा. घाटांत, अंधारांत व हौसेच्या भरांत तो भरतां येत नाहीं.