धुलाईगृहातील बाष्पक : कोंडलेली हवा आणि वारंवार विझणारी ज्योत

हैदराबाद-नागपूर महामार्गावरील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा मुलूख कापसाचा. एकेकाळी वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाफेवर चालत, त्यामुळे बाष्पक या भागाला नवखे नाही. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि वाफेचे काम मागे पडले. आता वाफेची गरज निराळ्याच ठिकाणी भासते. रुग्णालये, वसतिगृहे आणि मोठी उपाहारगृहे यांच्या चादरी, अभ्रे व गणवेश धुणाऱ्या यांत्रिक धुलाईगृहांत पाणी तापविणे, कपडे वाळविणे व इस्त्री करणे ही तिन्ही कामे एकाच बाष्पकावर चालू शकतात.

अशा ठिकाणी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. दाबमापकाचा काटा योग्य जागी असूनही इस्त्रीच्या रुळावर चादर ओलसर राहते, ही पहिली. बर्नर दर दोन-चार मिनिटांनी पेटतो व विझतो, ही दुसरी. दोन्ही वेळा दोष बाष्पकाच्या माथी मारला जातो. पुष्कळदा तो बाष्पकाबाहेरच असतो.

पहिल्या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हवा असते. रात्री बाष्पक बंद झाला की नळ्यांतील वाफ निवते. वातावरणाच्या दाबाला पाण्याची वाफ त्याच पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते. ती पुन्हा पाणी झाली म्हणजे नळ्यांत पोकळी निर्माण होते आणि सांध्यांतून, झडपांच्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. सकाळी नवी वाफ ही हवा पुढे रेटीत नेते व यंत्राच्या दूरच्या टोकाला कोंडते. दाबमापक वाफ व हवा यांचा एकत्रित दाब दाखवितो. त्याला भेद कळत नाही. शुद्ध वाफेचा निरपेक्ष दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम असेल, तर तिचे तापमान सुमारे १४३ अंश सेल्सिअस असते. तिच्यात चौथा हिस्सा हवा मिसळली, तर वाफेच्या वाट्याला ३ किलोग्रॅमच दाब उरतो आणि तापमान १३३ अंशांवर येते. काटा मात्र तसूभरही हलत नाही. शिवाय हवा उष्णतेची फार मंद वाहक असल्याने रुळाच्या आतील पृष्ठभागावर बसलेला तिचा पातळ थरही उष्णतेची वाट अडवितो.

रुग्णालयात हा प्रश्न केवळ ओल्या चादरीपुरता राहत नाही. दूषित कपड्यांसाठी ७१ अंश सेल्सिअसचे पाणी किमान २५ मिनिटे, हा एक प्रचलित दंडक आहे. वाफेला जोर नसेल तर पाणी त्या अंशापर्यंत पोहोचण्याआधीच घड्याळ पाहून यंत्र थांबविले जाते. तीच वाफ निर्जंतुकीकरणाच्या यंत्राला पुरविली जात असेल, तर धोका अधिक. तेथे १२१ अंशांची अट आहे आणि आत राहिलेली हवा ती अट काट्याला न कळता मोडते.

उपाय खर्चिक नाहीत. थंड बाष्पक पेटविताना वरच्या बाजूची हवेची तोटी उघडी ठेवावी व अखंड वाफ येऊ लागल्यावरच बंद करावी. मुख्य झडप हळूहळू उघडावी. घाई केल्यास नळ्यांत साचलेले पाणी हातोड्यासारखे आदळते. प्रत्येक यंत्रावर, वाफ शिरते त्या जागेपासून सर्वांत दूरच्या टोकाला, स्वयंचलित हवा-झडप असावी. ती वाफेच्या प्रवेशाजवळ बसविलेली आढळते तेव्हा ती असून नसल्यासारखीच! निवलेले पाणी बाहेर सोडणारे स्टीम ट्रॅपही येथे तपासावेत. उलट्या बादलीच्या जातीचा ट्रॅप हवा फार सावकाश सोडतो. खर्च वाचविण्यासाठी तीन-चार यंत्रांना मिळून एकच ट्रॅप जोडला असेल, तर कमी दाबाच्या यंत्रातले पाणी आतच तुंबते. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ट्रॅप हवा.

दुसऱ्या तक्रारीत आधी एक गोष्ट पाहावी: बर्नर विझतो तेव्हा काटा कोठे असतो? ठरलेल्या वरच्या दाबाला पोहोचून ज्योत विझत असेल, तर दाब-नियंत्रक आपले काम करीत आहे. वाफेची मागणी बाष्पकाच्या शक्तीपेक्षा कमी आहे, किंवा पेटण्याच्या व विझण्याच्या दाबांतील अंतर फार थोडे ठेवले आहे. ७ किलोग्रॅमला विझून ६.८ ला पेटणारा बर्नर दिवसभर धापा टाकणारच. मंजूर दाबाच्या मर्यादेत राहून व यंत्रांना पुरेल एवढा दाब राखून हे अंतर वाढविता येते. दाब गाठण्यापूर्वीच ज्योत विझत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे: पाण्याच्या पातळीचा नियंत्रक, ज्योत ओळखणारा डोळा, किंवा नियंत्रकाकडे जाणारी गाळाने चोंदलेली वाकडी नळी. पाण्यावर फेस येत असल्यास पातळी खोटी भासते.

पेटण्या-विझण्याची किंमत मोजावी लागते. दर वेळी पेटण्यापूर्वी पंखा भट्टीतून ताजी हवा फिरवितो. साचलेला वायू निघून जावा व स्फोट टळावा यासाठी ते आवश्यकच असते. परंतु तापलेल्या भट्टीची उष्णताही तिच्याबरोबर धुराड्यातून जाते. हे तासाला वीस वेळा होऊ लागले की इंधनाचा हिशेब बिघडतो. ज्योत लहान-मोठी करता येत असेल तर तसे करावे. सर्व धुलाईयंत्रे एकाच क्षणी सुरू न करता काही मिनिटांच्या अंतराने सुरू केल्यास मागणी सपाट होते.

पऱ्हाटीच्या कांड्यांवर चालणाऱ्या बाष्पकात ज्योत अशी विझत नाही. पंखा थांबतो, सरपण धुमसत राहते आणि धूर कोंडतो. तेथे डॅम्पर व धुराड्यातील काजळी आधी पाहावी, आणि सरपण थोडे थोडे घालावे.

पाण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या काही गावांत भूजलातील फ्लोराइडची चर्चा होते व पिण्याच्या दृष्टीने ती रास्तच आहे. बाष्पकाचे वैर मात्र क्षारांशी आहे. बायकार्बोनेट तापून कार्बन डायॉक्साइड सुटतो, वाफेबरोबर जातो व निवलेल्या पाण्यात मिसळून नळ्या खातो. पाणी मृदू करूनच वापरावे. गरम परतीचे पाणी पुन्हा वापरल्यास, पुरवठ्याचे तापमान दर ६ अंशांनी वाढले की सुमारे एक टक्का इंधन वाचते. परतीच्या टाकीच्या नळीतून सतत वाफेचा लोट निघत असेल, तर मात्र कोठला तरी ट्रॅप उघडाच राहिला आहे, असे समजावे.

शोधाशोध करताना सुरक्षा-झडप बांधून ठेवणे किंवा कमी पाण्याला ज्योत बंद करणारे साधन वगळणे, हा कोणत्याही परिस्थितीत उपाय नव्हे. कलकत्त्यात १८६३ साली झालेल्या प्राणघातक स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली बाष्पकाचा कायदा झाला. देशभरासाठी १९२३ चा अधिनियम आला आणि त्याची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे. २५ लिटरपेक्षा कमी धारणेची किंवा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून कमी दाबाची साधने कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. उरलेल्यांची तपासणी राज्याचे बाष्पके संचालनालय करते. प्रमाणपत्राची मुदत, परिचराचा दाखला आणि नोंदवही या तीन गोष्टी धुलाईगृहाला भेट देणाऱ्या अधिकाऱ्याला दहा मिनिटांत पाहता येतात. नोंदवहीत दर तासाला बर्नर किती वेळा पेटला एवढा एक रकाना वाढविला, तर पुढच्या दुरुस्तीला कोठून सुरुवात करावी, हे कारागिराला विचारावे लागत नाही.